फक्त जपानीत निघालेले हँडहेल्ड गेम जमवताना

आधी हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, ठरवा, गेम मागाहून. निन्टेंडोचे गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स आणि सोनीचा पीएसपी यांच्या गेमना देशाचं बंधन नाही; जपानी गेम कुठल्याही देशाच्या यंत्रात चालतो. निन्टेंडोच्याच डीएसचंही तेच, फक्त डीएसआय या त्याच्या नंतरच्या मॉडेलसाठी निघालेले खास गेम अडतात. 3डीएसच्या जपानी गेमला मात्र जपानी 3डीएसच लागतो. त्याच्यासोबत चार्जर आला तर त्यावरचे व्होल्ट आधी वाचा. फक्त 100 व्होल्टचा असेल आणि आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावलात तर गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा यूएसबी चार्जिंग केबल घ्या.

बांदाईचा वंडरस्वॉन (1999) एका पेन्सिल सेलवर चालतो. कलर मॉडेल 2000 मध्ये आलं, स्वॉनक्रिस्टल 2002 मध्ये. पडदा स्वॉनक्रिस्टलचा सर्वात चांगला, आणि फक्त कलरसाठीचे गेम पहिल्या मॉडेलवर चालत नाहीत, म्हणून थेट तेच घ्यावं. हेडफोनसाठी वेगळा जोड लागतो, तो सोबत आहे का ते विचारा.

भाषेची धास्ती नको. गेम बॉयच्या 160 बाय 144 ठिपक्यांच्या पडद्यावर कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं) नीट मावत नाही, त्यामुळे बहुतेक मजकूर हिरागाना-काताकाना या उच्चारानुसार लिहायच्या सोप्या लिप्यांत असतो. अ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना: हा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे, मराठी माणसाला तो लवकर बसतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तमच. निदान दोन शब्द पाठ करा: ‘हाजिमेकारा’ म्हणजे सुरुवातीपासून, ‘त्सुझुकीकारा’ म्हणजे पुढे चालू. यांची गल्लत झाली की काही गेममध्ये जुना सेव्ह पुसला जातो. सुरुवात कोडी आणि ताल-सुराच्या गेमपासून करा. संवादांनी भरलेले गेम नंतर.

खरेदी बहुधा जपानी लिलाव किंवा जुन्या मालाच्या साइटवरून, मध्यस्थामार्फत होते. खर्च पाच तुकड्यांत येतो: वस्तू, जपानमधलं टपाल, मध्यस्थाचं शुल्क, भारतापर्यंतचं टपाल आणि सीमाशुल्क. शुल्क टपालखर्च धरून लागतं, म्हणून एकेक कार्ट्रिज (गेमची कॅसेट) मागवण्यापेक्षा आठ-दहा एकत्र मागवा. सुटी लिथियम बॅटरी पार्सलमध्ये नको, अडवतात. वर्णनात ‘सोफुतो नोमी’ म्हणजे नुसतं कार्ट्रिज, ‘हाकोसेत्सु त्सुकी’ म्हणजे खोका आणि माहितीपुस्तकासकट. ‘जान्कु’ म्हणजे बिघडलेलं किंवा न तपासलेलं, परत घेणार नाहीत. ‘दोसा काकुनिन झुमी’ म्हणजे चालू असल्याची खात्री केली आहे, पण अनेकदा ती पहिला पडदा दिसण्यापुरतीच.

नकली माल गेम बॉय ॲडव्हान्सचा फार. सोन्याच्या पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसलं पाहिजे, आणि लेबलवर दाबून उमटवलेले बारीक अंक. ‘मदर 3’ (2006) इंग्रजीत अधिकृतपणे निघालाच नाही. इंग्रजी कार्ट्रिज दिसलं की तो कुणीतरी घरी केलेला उद्योग.

कार्ट्रिज हाती आलं की सेव्ह करा, बंद करा, काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. सेव्ह गेला असेल तर आतला बटण सेल संपलाय. गेम बॉयच्या कार्ट्रिजचा स्क्रू 3.8 मिलिमीटरच्या खास बिटने (स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने) उघडतो, ॲडव्हान्सचा तीन पात्यांच्या बिटने. सेलचा नंबर त्याच्यावरूनच वाचा, आणि पत्र्याचे पाय आधीच जोडलेला सेल घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुगतो, फुटतोही. सेल काढताच उरलासुरला सेव्ह जातो, तेव्हा महत्त्वाचा असेल तर कार्ट्रिज रीडरने आधी संगणकावर उतरवून घ्या. धन-ऋण उलटं लावू नका.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची लहानपणची सवय सोडा, थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या काळवंडतात. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या काडीने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. पुण्यातल्या तापकीर गल्लीत बिट, सोल्डर विचारून पाहा; सँडपेपर मात्र लावायचा नाही, सोन्याचा मुलामा निघून जातो.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पुठ्ठ्याचे खोके दमटपणाने फुगतात, लेबलांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या महिन्याने बदला, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. यंत्र ठेवून देताना पेन्सिल सेल काढाच.