उपवासकाळात मन पुन्हा टवटवीत कसं करायचं, इंदूरच्या वसंतात जमेल असं

मार्च लागला की इंदूरला सकाळी छान गार असतं आणि अकरा वाजले की ऊन चटके द्यायला लागतं, म्हणून मनाचं जे काही करायचंय ते सकाळीच उरकून घ्या. आपला ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ (लेंट) याच दिवसांत येतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून 40 दिवस. माझं स्पष्ट मत आहे की या दिवसांत चहा सोडला, मटण सोडलं एवढ्यावर थांबू नये, देवाचे उपकार आठवायची सवयही लावून घ्यावी, कारण मन कोरडं पडतं ते बऱ्याचदा आपल्याला काय काय मिळालंय हे विसरल्यामुळेच.

सुरुवात बायबलमधल्या स्तोत्र 103 पासून करा. त्यात दावीद स्वतःच्याच जिवाला बजावतो की देवाचे उपकार विसरू नकोस, आणि मग एकेक मोजायला घेतो, पापांची क्षमा केली, आजारातून बरं केलं, खड्ड्यातून वर काढलं, आणि पाचव्या वचनात म्हणतो की तारुण्य गरुडासारखं नवं होतं. आधी मोजणं आहे, नवं होणं त्यानंतर येतं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मग एक साधी वही घ्या, मोबाईल नको, त्यात नोटिफिकेशन येत राहतात. रोज एकच ओळ, पण नेमकी. "देवा सगळ्यासाठी थँक्यू" असं लिहून काहीच हलत नाही. "आईचा ताप रात्री उतरला", "एमवाय हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होतो तेव्हा शेजारच्या काकू रोज डबा पाठवायच्या" असं लिहा, आणि माणूस आठवला की त्याला त्याच दिवशी फोन करा. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत फिरून प्रभूच्या पाया पडला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानायचे त्यांतला, तेव्हा ते परत फिरणं महत्त्वाचं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलात तरी ती ओळ चुकवू नका.

ज्यांच्या घरात यंदा कोणी गेलंय किंवा नोकरी गेलीय त्यांनी जबरदस्तीने आभार मानू नयेत. त्यांच्यासाठी स्तोत्र 13 आहे, सहाच वचनं, "किती वेळ, परमेश्वरा" अशी तक्रारीने सुरुवात होते आणि शेवटी गाणं येतं, पण मधली तक्रार कुठेही पुसलेली नाही. रडत रडत केलेली प्रार्थना पण प्रार्थनाच आहे हो, ती पोचते.

घराजवळचं एक झाड ठरवून घ्या आणि रोज त्याच्याकडे बघा. पिंपळ असेल तर फारच छान, त्याची पानं गळतात आणि लगेच तांबूस, चकचकीत, हाताला मऊ लागणारी कोवळी पालवी फुटते. एखाद्या दिवशी सकाळीच सिमरोलच्या बाजूला जाऊन फुललेला पळस बघून या, पानं जवळजवळ नाहीत आणि झाड नुसतं केशरी. तिथे बसून गीतरत्नातला दुसरा अध्याय वाचा, हिवाळा सरला आणि फुलं दिसू लागली असं त्यात आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या रात्री मूठभर गहू भिजत घाला, सकाळी पाणी काढून टाका आणि मातीच्या उथळ भांड्यात पसरा, वर पातळ मातीचा थर द्या आणि रोज नुसतं पाणी शिंपडा, साचू देऊ नका नाहीतर बुरशी येते. दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब दिसतात आणि ईस्टरपर्यंत बोटाएवढं हिरवं गवत उभं राहतं. मुलांना पाणी घालू द्या आणि उत्तम शुक्रवारी त्यांच्यासोबत योहान 12:24 वाचा, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो असं प्रभूने स्वतःबद्दलच सांगितलंय. भांड्यातलं एक रोप हळूच उपटून मुळांशी राहिलेलं दाण्याचं फोलपट दाखवलं की मुलांना वेगळं प्रवचन लागत नाही.

त्याच आठवड्यात ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याकडे जा. मत्तय 5 मध्ये सरळ लिहिलंय, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. अवघड आहे, पण हे टाळलं तर वही भरूनही मन जडच राहतं.

आणि ईस्टर झाल्यावर थांबू नका. आपल्याकडे माळव्यात नवा गहू येतो आणि घरोघरी वर्षाचं धान्य भरतात ते याच सुमाराला. इस्राएलात वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी देवापुढे आणायचे, आणि पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. तेव्हा यंदा गहू निवडून झाला की कोठीत ओतायच्या आधी एक पायली बाजूला काढा आणि ज्या घरात खरंच गरज आहे तिथे स्वतः नेऊन द्या, कोणाच्या हाती पाठवू नका, आणि दोन मिनिटं बसून त्यांची विचारपूस करून या.