गिनी खरी, की नुसतं सोनं खरं?

पेढीवर कुणी डब्यातून गिनी, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं, काढली की प्रश्न ठरलेला: "सोनं खरं आहे ना?" प्रश्न अर्धाच आहे. १९५०-६०च्या सुमाराला बैरुतकडे पाडलेल्या बऱ्याच गिन्यांत सोनं चोख बावीस कॅरेट होतं. खोटा होता तो छाप.

आधी वजन. गिनी ७.९८८ ग्रॅम, आपल्या काट्यावर ७.९९. वापरून ७.९४पर्यंत उतरली तर चालेल. त्याखाली गेली, तर कडेला झाळ दिल्याची खूण शोधा. बहुतेक ती माळेत ओवलेली असते आणि कडी काढताना कानस लागलेली.

मग पाणी. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्य करा. गिनी बारीक दोऱ्याने पाण्यात सोडा. ती तळाला टेकायला नको, अंगावर बुडबुडा राहायला नको. काट्याने ०.४५ किंवा ०.४६ दाखवलं पाहिजे. पितळेवर मुलामा असेल आणि वजन जुळवलेलं असेल, तर नाणं जाड निघतं आणि हाच आकडा दुपटीवर जातो.

एवढ्याने सोनं कळलं. छापासाठी दहापट भिंग घ्या. ओतीव नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. ज्या बाजूवर घोडेस्वार आहे तिथे, खाली उजवीकडे पिस्त्रुची या कारागिराची 'बी. पी.' ही अक्षरं असतात. नकलेत ती बहुधा बुजलेली.

आपल्याकडे जास्त फसवतात ती मुंबईची गिनी दाखवून. पंचम जॉर्जची गिनी मुंबईत फक्त १९१८ सालची पडली. सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर इंग्रजी 'आय' असतो, ती टांकसाळीची खूण. (अलीकडच्या एलिझाबेथ राणीच्या काही गिन्यांवरही 'आय' आहे, ते प्रकरण वेगळं.) एक गृहस्थ १९१७ची 'आय'वाली घेऊन आले. "दुर्मिळ म्हणून जास्त मोजले," म्हणाले. वजन बरोबर, पाणी बरोबर. त्या साली मुंबईत गिनी पडलीच नव्हती. हातात आला तो सोन्याचा भाव.

आणि कसोटीवर घासू नका. नवशिका असताना मी एका सुंदर गिनीची कड दगडावर ओढली होती. सोनं उत्तम निघालं, पण नाणी जमवणाऱ्या गिऱ्हाइकाने तो ओरखडा बघून ती परत डबीत ठेवली.