भूतान वाट्याला आलाय? मग ही तयारी करून या

कॉलेजच्या मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये (विद्यार्थी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी बनून भरवतात त्या नकली सभेत) जागतिक बँकेचं संचालक मंडळ भरवलं की अमेरिका-जपान मिळालेले खुशीत असतात आणि भूतान मिळालेल्याचा चेहरा पडतो. पडू देऊ नका. पण तयारी मात्र वेगळी लागते.

आधी वहीत लिहून ठेवा की या मंडळात भूतानची पाटीच नसते. सदस्य देश १८९, खुर्च्या २५. भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान मिळून एक खुर्ची. तिच्यावर कार्यकारी संचालक भारताचा बसतो, पर्यायी संचालक बहुधा बांगलादेशचा. स्वतःच्या नावाने भूतान बसतो तो गव्हर्नरांच्या, म्हणजे सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या, वार्षिक सभेत. आयोजकांनी तुम्हाला मंडळात वेगळी खुर्ची मांडली असेल, तर आदल्या दिवशीच विचारून घ्या. ऐनवेळी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मग गट, म्हणजे कोणते देश मिळून एक खुर्ची वापरतात ते, पाठ करा. सार्कवाले सगळे एकत्र असणार असं धरून नेपाळशी खलबतं करत बसू नका. नेपाळ आग्नेय आशियाच्या गटात आहे, मालदीव कुवेत-इजिप्तसोबत, पाकिस्तान इराण-मोरोक्कोसोबत. मनिलाच्या आशियाई विकास बँकेची टिपणं यात मिसळू देऊ नका. तिथे खुर्च्या १२ आणि श्रीलंका दक्षिण कोरियाच्या गटात.

मतांचा हिशोब पाच मिनिटांत उरका. एकूण मतांपैकी ५.५५ टक्के मतं सर्व सदस्यांना सारखी वाटली जातात, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ०.०३ टक्के, बाकीची भागभांडवलाप्रमाणे. भूतानच्या आकड्याने कुणाला घाम फुटत नाही.

वेळ द्यायचा तो एका नियमाला: संचालकाला गटाची मतं फोडता येत नाहीत. तीन इकडे, एक तिकडे हा प्रकार नाही. सगळी मतं एकगठ्ठा पडतात, नाहीतर संचालक तटस्थ राहतो. एखाद्या देशाचं वेगळं म्हणणं असलं, तर ते फार तर बोलून नोंदवता येतं. त्यातून बहुतेक विषय मतदानापर्यंत जातच नाहीत, सहमतीनेच मार्गी लागतात. त्यामुळे सभागृहातल्या फर्ड्या भाषणापेक्षा, भारत झालेल्या मुलाला बैठकीआधी कॉरिडॉरमध्ये गाठणं महत्त्वाचं.

त्याच्याशी बोलायला एक खरं प्रकरण हाताशी ठेवा. दोर्जीलुंग जलविद्युत प्रकल्प घ्या: कुरीछू नदीवर, १,१२५ मेगावॉट, भागीदार आपली मुंबईची टाटा पॉवर, आणि जागतिक बँकेचं अर्थसाहाय्य. भूतानची वीज प्रामुख्याने भारत विकत घेतो. हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतानला भारताकडूनच वीज आणावी लागते. म्हणजे मंडळात तुमची बाजू मांडणाराच तुमचा गिऱ्हाईक आणि पुरवठादारही! वीजदरावर ताठ भूमिका घेतलीत, तर ती त्याच्या तोंडून येणार नाही. तेव्हा दोन वाक्यं अशी लिहा, जी तो न अडखळता आपल्या निवेदनात घेईल, आणि तिसरं वेगळं ठेवा, स्वतंत्र मत म्हणून नोंदवायला.

भारताला गाठण्याआधी बांगलादेशला भेटा. त्यांनाही भूतानची वीज हवी आहे आणि ती आणायची तर तारा भारतातूनच न्याव्या लागतील. दोघांची मागणी एकाच कागदावर गेली, तर ती बाजूला सारणं भारत झालेल्या मुलाला जरा जड जाईल.