न्योर्डलिंगेनला जाताय? आधी घड्याळ बघा

मे महिना जवळ आला की म्युनिकच्या आपल्या मराठी ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो. आई-बाबा येताहेत, रोटेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल आणि न्योर्डलिंगेन एका दिवसात होईल का? होईल की. अष्टविनायकही दोन दिवसांत होतात. त्यातलं रांगेखेरीज काय आठवतं ते सांगा.

मी म्युनिकमध्ये २००९ पासून आहे. बव्हेरियातली ही तिन्ही तटबंदीची गावं पाहुण्यांबरोबर इतक्यांदा झालीत की आता मी स्पष्टच सांगते: एकच निवडा, आणि ते न्योर्डलिंगेन असू द्या. रोटेनबुर्ग सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण जूनमधल्या शनिवारी भर दुपारी तिथल्या चौकात उभं राहिलं की तुळशीबागेत आल्यासारखं वाटतं. मुक्कामाला जाणार असाल तर जरूर जा, संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या की गाव पुन्हा गाव होतं. डिंकेल्सब्यूलला नेहमीची रेल्वे नाही, गाडी असेल तर बघा.

आता तिकीट. हे नीट वाचा, कारण इथे माझे २४० युरो गेलेत.

बायर्न-तिकिटावर, म्हणजे बव्हेरियाच्या एका दिवसाच्या रेल्वे तिकिटावर, पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, स्वस्त पडतं, हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. जे कळत नाही ते असं की सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. २०१७ साली आई-बाबांना घेऊन निघालो, मी, नवरा आणि ते दोघं. गाडी रिकामी, खिडकीची जागा मिळाली, म्हणून नऊच्या आधीचीच पकडली. तिकीट तपासनीस आला, त्याने तिकीट बघितलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि काही न बोलता यंत्र काढलं. माणशी ६० युरो. मी जर्मनमध्ये गयावया केली, तोही सभ्यपणे ऐकून घेत होता आणि पावत्या छापत होता. आईने तिथल्या तिथे रुपयांत हिशेब केला, साधारण अठरा हजार. त्यानंतर महिनाभर घरात काहीही हरवलं, सांडलं, करपलं की बाबा म्हणायचे, "चालू द्या, हे काही अठरा हजाराचं नाही."

तेव्हा: नऊच्या आधी चढू नका. "तपासायला येत नाहीत हो" म्हणणारा एक तरी आपल्यात असतोच, त्याचं ऐकू नका. तिकिटावर प्रवाशांची नावं निघण्याआधीच पेनने लिहा. आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाडीत, हे तिकीट चालत नाही. ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, आहे त्यांना नऊची अट नाही, पण आलेल्या पाहुण्यांकडे ते नसतं, हे आपण विसरतो. गाडी डोनाउव्योर्टला बदलायची, पुढे छोटी गाडी थेट गावात सोडते.

गावात पोचलात की आधी तटावर चढा. न्योर्डलिंगेनच्या तटाची गंमत ही की पूर्ण फेरी वरूनच मारता येते, सुमारे २.७ किलोमीटर, डोक्यावर कौलारू छप्पर, त्यामुळे पाऊस आला तरी बिघडत नाही. तिकीट नाही. १३२७ साली हे बांधकाम सुरू झालं. वेशी पाच. पायऱ्या उंच आहेत आणि लाकडी फळ्या काही ठिकाणी दबतात, साडी किंवा चपला नकोत.

एक कळकळीची विनंती. तटाला आतून टेकून छोटी छोटी घरं आहेत आणि त्यांत माणसं राहतात. तुम्ही चालता ती वाट कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हातभर लांब असते. गेल्या वर्षी आपल्यातला एकजण स्पीकरवर नाशिकला व्हिडिओ कॉल करत चालला होता, "हे बघ, किल्ला, किल्ला!" एका आजीबाईंनी वाफाळती कढई बाजूला ठेवली, आमच्याकडे बघितलं, आणि खिडकी लावून घेतली. आपटली नाही, हळूच लावली. मला ते जास्त लागलं.

मग डानिएल, म्हणजे संत जॉर्ज चर्चचा ९० मीटरचा मनोरा. ३५० पायऱ्या. गुडघे दुखत असतील त्यांनी खाली कॉफी घ्यावी. वरून लाल कौलांचं वर्तुळ दिसतं आणि त्याच्या आत रस्त्यांचं आणखी एक, जुन्या लहान तटाची ती खूण. पण नजर आणखी लांब न्या. क्षितिजावर गर्द झाडीच्या टेकड्यांचं कडं दिसेल. ते विवराचा काठ आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे लघुग्रह आदळला आणि जवळपास २५ किलोमीटर रुंद खड्डा पडला. हे गाव त्याच्या आत वसलंय.

आमचे बाबा मेहकरचे, शाळामास्तर. मुलांच्या किती सहली लोणारला नेल्या त्याची गणती नाही. ते वर कठड्याला धरून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे तं आपलं लोणारच हाय. पण तिथं काठावर उभं राहून खाली पाहतो, इथं खाली राहून काठ पाहा लागते." लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर, म्हणून ते एका नजरेत मावतं. इथे सांगितल्याशिवाय कळतच नाही. भूवैज्ञानिकांनाही कुठे कळलं होतं? हा ज्वालामुखीचा प्रकार आहे असंच मानत होते. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात कोएसाइट हे खनिज दाखवलं, प्रचंड दाबाखालीच तयार होणारं, तेव्हा वाद मिटला. तुम्ही ज्या मनोऱ्यावर उभे असता तोही त्याच आघातातल्या सुएव्हाइट दगडाचा आहे आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कण आहेत. आई म्हणाली, दिसत नाहीत तर काय उपयोग.

विवराचं संग्रहालय गावातच, १५०३ सालच्या धान्यकोठारात. चंद्राचा दगडही बघायला मिळतो. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर दगड ओळखायला इथे शिकून गेले. सोमवारी बंद, हे बघून निघा.

रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरून पहारेकरी "झो, गझेल, झो" (असं, गड्या, असं) अशी हाक देतो. या हाकेमागची गोष्ट अशी सांगतात की १४४० साली दरवानांनी फितुरीने वेस उघडी ठेवली होती आणि दाराला अंग घासणाऱ्या डुकरिणीमुळे ते एका बाईच्या लक्षात आलं. हाक ऐकायची तर मुक्काम करा, परतीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. दुसरी बाई मारिया होल, सराईची मालकीण. १५९३-९४ मध्ये चेटकीण ठरवून तिचा ६२ वेळा छळ केला, तिने कबुली दिली नाही, शेवटी सोडावं लागलं. तिच्याबद्दल मार्गदर्शकाला आवर्जून विचारा.

जेवण. शाकाहारींनी केझेश्पेट्सले घ्यावं, चीज घातलेल्या शेवया म्हणा. मेनूत लिन्झेन, म्हणजे मसूर, दिसला की आपली माणसं हरखतात. जपून. त्यात बहुतेक वेळा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात आणि वर सॉसेज. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते ती संध्याकाळपर्यंत. रोख पैसे ठेवा. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते आणि वेशीबाहेरच्या बाकावर खाते, कुणी काही म्हणत नाही.

दुसरा दिवस असेल तर हारबुर्गचा किल्ला, त्याच रेल्वेमार्गावर, नदीच्या वर. स्टेशनपासून चढ आहे. गाडी असेल तर ओफनेटच्या गुहा बघा, १९०८ मध्ये तिथे मध्याश्मयुगातल्या ३३ कवट्या सापडल्या. आता गुहा रिकाम्या आहेत, वारा मात्र छान येतो.

आणि हो, शनिवार-रविवारी नऊची अट नसते. आम्ही गेलो तो शुक्रवार होता.