थोराड पोरगा लाइनवर घेतलाय? मग या चुका टाळा

शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच अमेरिकन फुटबॉलचा कोच तुमच्या थोराड हाडाच्या पोराला गाठतो आणि म्हणतो, "लाइनवर ये." त्या संध्याकाळपासून आई खुराक वाढवते आणि बाबा यूट्यूबला चिकटतात. इथे टेक्ससमध्ये ओळखीच्या दोन मराठी घरांत हेच पाहिलं, आणि तिसरं घर आमचंच.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे क्वार्टरबॅकपुढची, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या गड्यापुढची, पाच जणांची भिंत. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. मैदानावर सगळ्यात उशिरा पिकणारी जागा हीच, आणि घरोघरी चालते ती आढी घालून लवकर पिकवण्याची खटपट.

पहिली चूक आमच्याच स्वयंपाकघरातली. मुलाने एका उन्हाळ्यात 14 किलो वाढवले. दूध गॅलनने, भातावर तुपाची धार, वर डिंकाचे लाडू. डिंक उष्ण, उन्हाळ्यात देऊ नका, असं आजी पुण्याहून फोनवर सांगत होती, ऐकतो कोण! ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तेव्हा ते सगळं वजन पोटावर बसलेलं आणि पाय जमिनीला चिकटलेले. पहिल्याच आठवड्यात पाचातली जागा गेली.

एनएफएलमधला, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधला, लाइनमन 140 किलोच्या आसपास असतो हे खरं, पण सोळाव्या वर्षी त्या आकड्याच्या मागे लागू नका. कॉलेजचे कोच आधी उंची, हातांची लांबी आणि पोरगा किती सहज खाली बसतो ते बघतात. वजन नंतर त्यांची खानावळ आणि जिम चढवतेच. फिलाडेल्फिया ईगल्सचा लेन जॉन्सन शाळेत चक्क क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमा विद्यापीठात दोन जागा बदलून तो टॅकल झाला आणि 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या क्रमांकावर गेला. तेव्हा वजनकाट्याशेजारी स्टॉपवॉचही ठेवा. दर महिन्याला दहा यार्डांची धाव मोजा. वेळ वाढत असेल तर चढलेलं वजन बिनकामाचं.

आता मैदानावरच्या तक्रारी. पोरगा चेंडू सुटायच्या आधीच हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो? त्याची जमिनीवर टेकलेली बोटं बघा. नखांखालची टोकं पांढरी पडली असतील तर सगळा भार हातावर आलाय, म्हणजे तो पुढे कलणारच. शिवाय समोरचा अनुभवी गडी त्या पांढऱ्या बोटांवरून ओळखतो की आता हा पुढे मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू घेऊन पळायचा डाव आहे. बोटं गुलाबी दिसली तर हा मागे सरून पासचं रक्षण करणार. हात नुसता टेकवा, भार मांड्यांवर ठेवा. आणि होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याच्या दंडाचे, दहा यार्ड वारंवार जात असतील तर दोष बहुतेक वेळा हातांचा नसतो, पायांचा असतो. पाय मागे पडले की माणूस कमरेत वाकतो, हात समोरच्याच्या खांद्यांबाहेर जातात आणि मग जर्सी धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कुस्ती इथे फार उपयोगी पडते. टँपा बे बुकेनीयर्सचा ट्रिस्टन वर्फ्स आयोवात शाळेत असताना कुस्ती खेळायचा, गोळाफेक आणि थाळीफेकही करायचा. बारा महिने फुटबॉलच खेळवणाऱ्या शिबिरांना पैसे भरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

उन्हाच्या बाबतीत मात्र मस्करी नको. ऑगस्ट 2001 मध्ये मिनेसोटा वायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर सरावातल्या उष्माघाताने गेला, वय 27. जून 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा लाइनमन जॉर्डन मॅकनेअर तसाच गेला, वय 19. सरावात कोसळल्यावर त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलंच नव्हतं. थोराड अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे लाइनवरच्या पोरांना धोका जास्त. सरावाच्या पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचं टब आहे का, ते स्वतः जाऊन बघा. नसेल तर कोचला विचारा, वाईटपणा आला तरी चालेल. कोणी उष्माघाताने कोसळलं तर 911 ला फोन जातानाच त्याला टबात बसवायचं; आधी गार करायचं, मग हलवायचं.

कॉलेजची तोंडी ऑफर कोणालाच बांधून ठेवत नाही, त्यामुळे पेढे सहीनंतर वाटा. पहिल्या वर्षी बाकावर बसवलं म्हणून लगेच दुसरं कॉलेज शोधू नका. रेडशर्टचं वर्ष म्हणजे खेळायचा हंगाम न गमावता अंग भरायला मिळालेला वेळ. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातून रग्बी लीग खेळून आला. 2018 मध्ये ईगल्सने त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं. पहिले दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही. आज तो त्यांचा डावा टॅकल आहे. शाळा सुटून तीन वर्षं झाली की ड्राफ्टला जाता येतं. पण जाता येतं म्हणून जायचंच असं नाही.

शेवटची चूक हट्टाची: "मी डावा टॅकलच." रॉबर्ट गॅलरी 2004 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तो टॅकल म्हणून. तिथे जमेना, तेव्हा आत सरकून गार्ड झाला आणि मग स्थिरावला. पहिल्या पाचांत नसलेल्या लाइनमनला संघ तेव्हाच ठेवतो जेव्हा तो दोन-तीन जागा सांभाळतो, आणि सेंटरचा स्नॅप, म्हणजे पायांमधून मागे चेंडू देणं, येत असेल तर त्याचा भाव वधारतो. आमचा मुलगा रोज संध्याकाळी पन्नास स्नॅप मारतो, पाच यार्डांवरून, गॅरेजच्या दारावर. दाराला पोचे पडलेत. नवीन दार तो कॉलेजला गेल्यावरच बसवणार आहे.