नाल्याकाठी, तलावाकाठी घर घेताय? बेळगावात या चुका टाळा

बेळगावकर घर बघायला निघतो तो तुळशीचं लग्न झाल्यावर. भात कापून झालेलं असतं, वाटेवरचा चिखल वाळलेला असतो आणि नाला शाळकरी पोर उडी मारून ओलांडेल एवढा उरलेला असतो. जानेवारीत संचकार (इसाऱ्याची रक्कम), मार्चमध्ये खरेदी, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. मग जुलैत पावसाची झड लागते आणि 'लेक व्ह्यू', 'रिव्हर साइड' म्हणून चौरस फुटाला जादा पैसे मोजलेल्या साइटवर (प्लॉटवर) गुडघाभर पाणी उभं राहतं.

शहराच्या दक्षिण-पूर्व अंगाला अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारांतून बळ्ळारी नाला जातो आणि पुढे मार्कंडेयला मिळतो. उत्तरेला कंग्राळी, काकती भागात खुद्द मार्कंडेय आहे. कणबर्गीला तलाव, खानापुरात मलप्रभा, निपाणी भागात वेदगंगा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये थेट पुणे-बेंगळूर हायवेवर आलं होतं. पाण्याजवळ घर घेऊच नये, असं मुळीच नाही. त्याच काठावरच्या दोन शेजारच्या साइट्सपैकी एक कोरडी आणि दुसरी बुडणारी असते. फरक दोन-तीन फुटांचा असतो, आणि तो विकत घेण्याआधी मोजता येतो.

चूक: जागा फक्त कोरड्या दिवसांत बघणं

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर जा. एकदा मे महिन्यात संध्याकाळीही जा. नाल्याचा वास आणि डासांचा हिशेब तेव्हाच लागतो, आणि आपल्याकडच्या नाल्यांत सांडपाणी किती मिसळतं हे सांगायला नकोच.

पावसाळा चुकला असेल तर खुणा वाचायला शिका. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या कंपाउंडवर जमिनीपासून ठरावीक उंचीवर आडवी तपकिरी रेघ दिसते का? भिंतीचा खालचा तीन फूट गिलावा वरच्यापेक्षा नवा आहे का? हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मीटर छातीऐवजी डोक्याच्या वर बसवलाय का? पाण्याची मोटर लोखंडी स्टँडवर चढवलीय का? दाराच्या लाकडी चौकटीचं खालचं टोक कुजून तिथे सिमेंटचा तुकडा जोडलाय का? उंबऱ्याच्या बाहेर वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध घातलेला दिसला, तर त्या घरात पाणी शिरून गेलंय असं धरूनच चाला. हा बांध शोभेसाठी कोणी घालत नाही. एजंट काही सांगो; शेजारच्या आजीला 'पाणी कुठपर्यंत आलं होतं?' असं विचारा. 'येतं का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येतं, कारण त्यांनाही शेजारी हवा असतो.

चूक: रस्त्याशी तुलना करून साइट उंच समजणं

नव्या लेआउटमध्ये अंतर्गत रस्ताच खाली असतो, त्यामुळे साइट उंच वाटते. तुलना करायची ती जवळच्या पुलाशी किंवा मोरीशी. कारण साधं आहे. जलपर्णी, प्लास्टिक आणि गाळाने पुलाचं तोंड बुजतं, पाणी मागे फुगतं आणि पुलाच्या स्लॅबवरून वाहू लागेपर्यंत चढत राहतं. म्हणजे वरच्या अंगाला पाणी किमान त्या स्लॅबच्या पातळीपर्यंत येऊ शकतं. घराचं जोतं त्याच्या वर हवं.

हे मोजायला गवंड्याची पाइप लेव्हल पुरते. २०-२५ मीटर पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे झटकून काढा. एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एक जण स्लॅबवर, दुसरा साइटच्या दिशेने. दोघांनी नळीचं टोक सरळ उभं धरायचं आणि पाणी स्थिर झालं की आपापल्या पायाखालच्या जमिनीपासून पाण्याची उंची मोजायची. पुलाकडे ३ फूट आणि साइटकडे साडेपाच भरली तर साइट अडीच फूट खाली आहे. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे सरका आणि फरकांची बेरीज करा. शंभर मीटरच्या पुढे मात्र चुका साचत जातात. तिथे ऑटो लेव्हल घेऊन सर्व्हेअर बोलवावा.

जोतं रस्त्यापासून किमान दोन फूट धरा. दर डांबरीकरणाला जुना थर न खरवडता वर दोन-तीन इंच चढतात. आज दीड फूट उंच असलेलं घर सहा ते नऊ डांबरीकरणांनंतर रस्त्याच्या बरोबरीला येतं.

चूक: ब्रोशरचा नकाशा बघणं, गावनकाशा न बघणं

बहुतेकांचे पैसे इथेच अडकतात.

आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा म्हणा) क्षेत्राच्या जागी 'खराब' असा उल्लेख असतो. त्याचे दोन प्रकार. अ-खराब म्हणजे खडक, चढ वगैरेंमुळे लागवडीला नालायक जमीन, ती मालकाचीच. ब-खराब म्हणजे नाला, रस्ता, तलाव, स्मशान अशा सार्वजनिक वापराची जमीन. ती उताऱ्यात दिसली तरी मालकाला विकता येत नाही. समजा सर्व्हे नंबरचं क्षेत्र २ एकर १० गुंठे आणि त्यात ब-खराब ६ गुंठे आहे. ६ गुंठे म्हणजे ६,५३४ चौरस फूट, म्हणजे ३० बाय ४० च्या पाच साइट्स. लेआउटच्या नकाशात या पाच साइट्स कुठे गेल्या, हा प्रश्न विचारा. पार्क, रस्ता किंवा नाला म्हणून त्या वगळलेल्या दिसल्या तर ठीक. नाहीतर कुणाला तरी नाला विकला गेलाय, आणि तो कुणीतरी बहुधा काठावरची 'प्रीमियम' साइट घेणारा असतो.

तपासायचं कसं? सरकारच्या 'भूमी' पोर्टलवरून चालू आरटीसी काढा. महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून गावनकाशा उतरवून घ्या. मोबाइलवर 'दिशांक' ॲप घ्या. जागेवर उभं राहून उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर आणि आजूबाजूचे नाले-तलाव दिसतात. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे होतं, म्हणून दिशांकवर संशय आला की सरकारी मोजणी करून हद्दी कायम करून घ्या. नाल्यापासून, तलावापासून किती अंतर सोडायचं ते बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) नियमांत आणि मंजूर नकाशात असतं. बेंगळूरचे आकडे इथे लावू नका. एजंट ते सोयीप्रमाणे वापरतात.

नकाशावर नाला आहे आणि जागेवर नाही, असंही होतं. पाइप टाकून वर माती ओढलेली असते. १५ फूट रुंद आणि ५ फूट खोल नाल्याचा काटछेद ७५ चौरस फूट. त्याच्या जागी तीन फुटी दोन पाइप घातले की वाट उरली जेमतेम १४ चौरस फूट, पाचव्या हिश्शाहून कमी. उरलेलं पाणी साइट्सवरून जातं.

चूक: बाँडवरची जागा

एनए (बिगरशेती परवाना) नाही, बुडाची मंजुरी नाही, शेतात चुन्याने आखलेले गुंठे आणि स्टँप पेपरवरचा करार. याला खरेदी म्हणत नाहीत. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होतच नाही. नाल्याकाठच्या भातशेतीत हा प्रकार जास्त, कारण तिथे लेआउट मंजूर होणं अवघड असतं. स्वस्त का आहे, याचं उत्तर त्यातच आहे.

मंजूर लेआउटमध्येही साइट 'रिलीज' झालीय का ते बघा. रस्ते-गटारं होतील तशा साइट्स टप्प्याने सुटतात. तुमचा साइट नंबर रिलीजच्या पत्रात हवा. खाता (मालमत्तेची कर-नोंद) 'अ', म्हणजे नियमित, की 'ब', म्हणजे अनियमित, तेही बघा. बहुतेक बँका 'ब' खात्यावर कर्ज देत नाहीत. ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) किमान ३० वर्षांची काढा. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर जुने व्यवहार सगळे मिळत नाहीत, २००४ च्या आधीचे सब-रजिस्ट्रार ऑफिसात शोधावे लागतात.

चूक: कन्नड दस्तावर न वाचता सही

सीमाभागातली ही खास आपली चूक. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. दस्त विक्रेत्याच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. निदान चतुःसीमा स्वतः ओळखायला शिका: पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के. या चार शब्दांपुढे 'हळ्ळ' आलं तर तो नाला, 'केरे' म्हणजे तलाव, 'कालुवे' म्हणजे कालवा. साइट दाखवताना पूर्वेला 'गार्डन' सांगितलं आणि दस्तात पूर्वेला हळ्ळ निघाला, तर पेन खिशात ठेवा.

चूक: दृश्याचे पैसे मोजणं

बाल्कनीतून तलाव दिसतो. पण तलाव आणि बाल्कनीच्या मधली जमीन कुणाची? खासगी असेल तर उद्या तिथे चार मजले उभे राहतील आणि तुमच्याकडे उरेल समोरच्यांची वाळत घातलेली धुणी. मधल्या सर्व्हे नंबरचा उतारा काढा. तो पार्क किंवा सरकारी असेल तरच दृश्याला किंमत आहे.

चूक: भराव म्हणजे पाया समजणं

भातशेतीवर चार फूट भराव टाकून साइट विकली जाते. त्या भरावात मुरूम आहे की पाडकामाचा राडारोडा, हे वरून कळत नाही. जेसीबीने पाच-सहा फूट खड्डा मारा आणि खड्ड्याच्या भिंतीकडे बघा. विटांचे तुकडे, प्लास्टिक, खाली काळी चिकट माती, असे थर दिसले तर पाया भरावाखाली मूळ कठीण थरापर्यंत न्यावा लागेल. चांगला भराव २०-३० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबलेला असतो. एका दमात ओतलेला भराव पहिल्या दोन पावसांत बसतो आणि फरशी मध्ये खचते.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तिरक्या भेगा त्यानेच पडतात. प्रयोगशाळेत १० ग्रॅम माती पाण्यात आणि १० ग्रॅम केरोसिनमध्ये २४ तास ठेवतात. पाण्यातला आकार केरोसिनमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढला तर साधा पाया चालणार नाही. चाचणीचा खर्च एका भेगेच्या दुरुस्तीपेक्षा कमी येतो.

फ्लॅट असेल तर थेट तळघरात जा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का, मीटर रूम खाली आहे की वर, पाणी उपसायचे पंप दोन आहेत का आणि त्यातला एक जनरेटरवर चालतो का, एवढं बघा. ५०० चौरस मीटरहून मोठा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रकल्प असेल तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. ओसी (इमारत वापरायला परवानगीचा दाखला) नसेल तर हेस्कॉमचं कायम कनेक्शन अडतं.

खर्चाचा अंदाजही चुकतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी १ वरून २ टक्के झाली. शहरात ४५ लाखांच्या वर मुद्रांक, उपकर, अधिभार धरून ५.६ टक्के, म्हणजे एकूण ७.६. पन्नास लाखांच्या घराला ३ लाख ८० हजार. शिवाय ५० लाख किंवा वर किंमत असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

घर घेऊन झालंय, आता?

पावसात संडासाच्या भांड्यातून किंवा न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं वर येत असेल, तर बाहेरची ड्रेनेज लाइन भरून मागे फिरतेय. घराच्या शेवटच्या चेंबरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि मेअखेरीस उघडून साफ करा. केस-कापसाने झडप अर्धी उघडी राहिली की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. सेप्टिक टँक पावसाळ्यात उपसू नका: भूजल वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि जोड फुटतात. उपसायची ती एप्रिलमध्ये.

जमिनीतल्या सम्पचं (पाणी साठवायच्या टाकीचं) झाकण जमिनीपासून दीड फूट वर घ्या. पुराचं पाणी आत गेलंच तर सगळं उपसा, घासा, भरा आणि १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून रात्रभर ठेवा. ते पाणी वापरायचं नाही. सोडून द्या, पुन्हा भरा, मग वापरा.

भिंतीला लोणा लागला की लोक पुट्टी मारून रंग देतात आणि पुढच्या पावसात पापुद्रे उचलून बघतात. ओल खालून चढतेय. गिलावा मीटरभर उंचीपर्यंत काढा, भिंत वाळू द्या, फरशीपासून १५ सेंटिमीटरवर १०-१२ सेंटिमीटर अंतराने भोकं पाडून ओलरोधक रसायन भरून घ्या, मगच नवा गिलावा. वाळायला महिना लागला तरी घाई नको.

विम्याचंही बघा. कर्जाबरोबर बँकेने काढलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर धरलेला आहे. पाणी शिरलं तर साफसफाईआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, शेजारी धरलेली टेप, मीटर नंबर, भिजलेल्या वस्तू. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेली गादीसुद्धा कोंडाळ्यात टाकू नका.