केळीच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर लावताय? आधी काळ्या मातीचं ऐका

व्हिडिओत सेन्सर कुंडीत खुपसतात, मोबाईलवर आकडा दाखवतात आणि झालं म्हणतात. कुंडीत होतं तसं, पण आपल्या यावल-रावेरकडच्या काळ्या मातीत नाही होत भो. मी चार हंगाम हे करतोय, त्यातला पहिला पूर्ण वाया गेला.

सामान घेताना दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर अजिबात घेऊ नका. ओल्या मातीतून करंट गेला की त्याच्या दांड्या झिजतात, महिन्या-दोन महिन्यांत आकडा भरकटतो. एका पातीचा कपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीला न लावता ओल मोजणारा) घ्या आणि त्यावरची बारीक चिप भिंगाखाली वाचा. टीएलसी ५५५ हवी. एनई ५५५ असेल तर तिला साडेचार व्होल्ट तरी लागतात, ३.३ वर ती नीट चालत नाही आणि तुम्ही उगाच कोड तपासत बसता.

वायरिंग सोपं, सगळं ईएसपी३२ ला, म्हणजे वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला: प्लस ३.३ व्होल्टला, मायनस ग्राउंडला आणि सिग्नल ३४ नंबर पिनला. एडीसी-२ च्या पिना (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वापरू नका, वाय-फाय चालू असलं की त्या वाचत नाहीत. कोडमध्ये वीस रीडिंग घेऊन मधलं धरा.

पातीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, म्हणून कडांना नेलपेंटचे दोन हात द्या, वरच्या चिपच्या भागावर एपॉक्सी आणि हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

आता खरं काम, जमिनीत बसवणं. कांदेबागेत (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत) मी पहिल्यांदा केलं तेव्हा माती-पाण्याचा पातळ गारा करून त्यात पाती रोवली, कारण सगळे तसंच सांगत होते. एप्रिलच्या उन्हात आकडा रोज कोरडा दाखवायला लागला आणि व्हॉल्व्ह रिलेवर, म्हणजे आकड्याप्रमाणे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर होता, म्हणून पाणी सुरूच. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आप्पा म्हणाले, जरा हात घालून तर बघ. वीतभर बाजूला उकरलं तर मुठीत लाडू वळेल इतकी ओल, आणि पातीभोवती मात्र नखभर फट. गारा वाळताना आकसला होता, सेन्सर माती नाही, हवा मोजत होता. काळी माती वाळली की आकसते, भिजली की फुगते, आणि पातळ गारा तर सगळ्यात जास्त आकसतो. कधी उलटंही होतं, वरून भेग पडलेली असली की ठिबकचं पाणी त्या भेगेतून थेट पातीवर उतरतं आणि बाकी मुळं कोरडी असताना सेन्सर ओलं सांगतो.

म्हणून गारा करूच नका. ड्रिपरच्या अगदी खाली नाही, वीतभर बाजूला खड्डा घ्या, आणि पाणी दिल्यावर माती वाफशावर आली (ओल आहे पण हाताला चिकटत नाही) की त्याच दिवशी काम करा. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत खुरप्याने पातळ खाच करून पाती आडवी, धार वर ठेवून सरकवा, म्हणजे तिच्यावर पाणी साचत नाही. मग खड्ड्यातलीच माती ढेकळं फोडून, थोडी-थोडी टाकत, प्रत्येक थर बोटांनी दाबत भरा, पायाने तुडवू नका, पाती तडकते. खोली साधारण वीतभर ठेवा, केळीची बरीचशी मुळं वरच्या फूटभरातच असतात. वरून केळीच्या वाळलेल्या पानांचं जाड आच्छादन टाका, हे विसरलात तर मे महिन्यात भेग पडणारच.

यानंतर आठ दिवस आकड्याकडे बघू नका, माती बसू द्या. मग एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन दिवसांनी, वाफसा आला की, जो आकडा येईल तो लिहून ठेवा, तो तुमचा वरचा टप्पा. या सेन्सरमध्ये कोरडं म्हणजे मोठा आकडा आणि ओलं म्हणजे लहान, हे डोक्यात ठेवा. खालच्या टप्प्यासाठी नेटवरचा टक्का घेऊ नका, तो दुसऱ्याच्या मातीचा असतो. पाणी थांबवून रोज सेन्सरजवळची माती मुठीत दाबा, लाडू वळायचा थांबून माती सुटी पडायला लागली की त्या दिवसाचा आकडा लिहा आणि लगेच पाणी सोडा. शेताच्या दोन टोकांना माती वेगळी असेल तर दोन सेन्सर, दोन वेगळे आकडे.

मोटर किंवा व्हॉल्व्ह रिलेला पहिल्या हंगामात जोडूच नका, मी जोडून चुकलोय. नुसता आकडा मोबाईलवर येऊ द्या, पाणी हातानेच सोडा, आणि आकडा व मूठ सलग महिनाभर जुळली की मग रिलेला तार जोडा.